परचक्रातील वैद्यकी : डॉ. लक्ष्मी सहगल आणि आपल्या लेकी

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थिनींच्या गुणगौरव समारंभानंतर नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आताच या व्यासपीठावर, वैद्यकीय परीक्षांत सुयश मिळविलेल्या आपल्या लेकींचा नारळ आणि शाल देऊन गौरव करण्यात आला. टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली, मातापित्यांचे डोळे भरून आले. तो सोहळा पाहून आम्हांस अतिशय समाधान वाटले. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते; साऱ्या आयुष्यात खडू आणि फळा यांपलीकडे आम्ही फारसे काही हाताळले नाही. अशा मनुष्याने डॉक्टर मुलींपुढे बोलण्यास उभे राहावे हे थोडे विपरीतच होय. परंतु कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविण्यात आली. तेव्हा पांडित्याच्या वाटेस न जाता एका डॉक्टर स्त्रीचे चरित्रच मुलींपुढे ठेवावे, असे आम्ही ठरविले.

त्या स्त्रीचे नाव डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन, विवाहानंतर डॉ. लक्ष्मी सहगल. देश त्यांना 'कॅप्टन लक्ष्मी' या नावाने ओळखतो. लष्करी गणवेश, डोक्यावर टोपी आणि शेजारी नेताजी सुभाषचंद्र बोस, असे त्यांचे छायाचित्र आपण पाहिलेले असते. त्या छायाचित्रामुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते. गणवेश त्यांच्या अंगावर दोन-तीन वर्षेच होता. डॉक्टरकी त्यांनी वयाच्या नव्वदीपर्यंत केली. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट मुख्यतः त्या डॉक्टरकीची आहे. परचक्र आले, राज्य कोसळले, पोलीस-कचेऱ्या-बाजार सारे विस्कटले, म्हणजे हातातल्या विद्येचे मोल काय राहते? आणि युद्ध संपून जयजयकार थांबला, म्हणजे त्या विद्येचे पुढे काय करावयाचे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आयुष्यात सापडतात.

कोणी म्हणेल, मद्रासकडील एका बाईचे चरित्र नागपुरात कशासाठी? हा प्रश्न वावगा नाही. म्हणून प्रथम नागपूरपासूनच आरंभ करतो. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली, आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे एक पथक चीनला पाठविले. त्या पाचांत दोन मराठी होते. एक सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, दुसरे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस तिकडेच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले आणि त्यांची कीर्ती दिगंत झाली. चोळकरांचे नाव मात्र नागपूरकरांनाही आठवून द्यावे लागते. असो. हे पथक गेले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते, आणि पथकासाठी त्यांनीच देशाला आवाहन केले होते. पुढे काँग्रेसपासून दूर झाल्यावर फॉरवर्ड ब्लॉकची अखिल भारतीय परिषद त्यांनी जून १९४० मध्ये भरविली, ती याच नागपुरात. त्याच १९४० साली मद्रासची एक तरुण डॉक्टर समुद्र ओलांडून सिंगापुरास गेली. त्या वेळी या दोघांची गाठ पुढे तीन वर्षांनी पडणार आहे, हे कोणासही ठाऊक नव्हते.

लक्ष्मी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रास येथे झाला. वडील एस. स्वामिनाथन हे मद्रास उच्च न्यायालयातील नामांकित वकील. आई अम्मू स्वामिनाथन मलबारच्या, पुढे त्या घटना समितीच्या सभासद झाल्या. धाकटी बहीण मृणालिनी म्हणजे सुप्रसिद्ध नर्तकी मृणालिनी साराभाई. घर सुखवस्तू आणि सुधारलेले. परंतु आजोळी जुन्या सोवळ्याओवळ्याचा कडक अंमल होता. डोंगरातल्या ज्या लोकांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांतल्या एका मुलीचा हात लहानग्या लक्ष्मीने एके दिवशी सरळ धरला आणि तिला खेळावयास घेऊन गेली. आजीचा संताप अनावर झाला; पण नातीने हात सोडला नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ही हकिकत सांगताना आमचा स्वर थोडा खाली येतो, हे आपल्या ध्यानात आले असेल. तथापि ती वगळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटेना. कारण नाडी पाहणाऱ्या हाताची पहिली परीक्षा तिथेच झाली, असे आम्ही मानतो.

१९३८ साली, म्हणजे चोळकर-कोटणीस चीनला निघाले त्याच वर्षी, लक्ष्मी मद्रास मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाल्या. त्यानंतर स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र यांची पदविका त्यांनी मिळविली. मध्यंतरी एक विवाह झाला होता, तो टिकला नाही. पुढे १९४० साली त्या सिंगापुरास गेल्या आणि तेथे त्यांनी दवाखाना थाटला. त्या काळी मलायातील रबराच्या मळ्यांवर दक्षिण हिंदुस्थानातून गेलेले तमिळ मजूर लाखांच्या संख्येने होते. गोदीत, रस्त्यांवर आणि सफाईच्या कामावरही आपलेच गरीब लोक होते. त्यांच्या बायकांची बाळंतपणे कोणी करावयाची? लक्ष्मी यांच्या दवाखान्यात गर्दी झाली ती अशा स्त्रियांची. सधन वस्तीत पाटी लावून बसणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी निवडले ते हे गिऱ्हाईक.

आणि मग परचक्र आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायाच्या उत्तरेस उतरल्या आणि सुमारे पंचावन्न दिवसांत दक्षिण टोकाशी पोहोचल्या. सिंगापूर म्हणजे इंग्रजांचा पूर्वेकडील अभेद्य किल्ला, असा त्याचा लौकिक होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हलने जनरल यामाशिता याच्यापुढे शस्त्रे ठेवली. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. ज्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली ते लढले, त्या अधिकाऱ्यांनी त्यांना एखाद्या मालमत्तेप्रमाणे दुसऱ्याच्या हवाली केले. पुढे कित्येकजण आझाद हिंद फौजेत का गेले, याचे उत्तर त्या मैदानावर बरेचसे मिळते.

जपान्यांनी गावाचे नावसुद्धा बदलले. सिंगापूरचे 'श्योनान' केले. चिनी वस्तीतील पुरुषांना चौकाचौकांत उभे करून निवडण्यात आले आणि हजारोंना समुद्रकाठी नेऊन ठार मारण्यात आले. नव्या सरकारच्या नोटांवर केळीचे झाड छापलेले असे. लोक त्यांना केळीच्या नोटा म्हणत, आणि दिवसेंदिवस त्यांची किंमतही केळीच्या सालीइतकीच होत गेली. तांदूळ मिळेना, म्हणून लोक टॅपिओकाचे कंद खाऊन राहू लागले. रबर परदेशी जाण्याचे थांबले, तेव्हा मळे ओस पडले आणि मजूर उपाशी राहिला. त्या मजुरांनाच पुढे सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गाच्या कामासाठी जंगलात नेण्यात आले. पटकी, हिवताप आणि उपासमार यांनी ते हजारोंनी मेले. घरी राहिलेल्या स्त्रियांची स्थिती काय झाली असेल, ते सांगावयास नको.

भगिनींनो, अशा गावात डॉक्टर असणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. राज्य कोणाचेही असो, बाळंतपणाची वेळ टळत नाही. ताप आलेल्या मुलाला इंग्रज आणि जपानी यांतला फरक कळत नाही. औषधे संपत आली, जखमेवर बांधावयास स्वच्छ कापड मिळेनासे झाले, तरी रोगी दाराशी येतच राहतो. लक्ष्मी यांनी त्या काळात जखमी युद्धकैद्यांचीही शुश्रूषा केली. त्यांपैकी अनेकांच्या मनात स्वतंत्र हिंदी सेना उभारण्याचा विचार घोळत होता. रोग्याच्या उशाशी बसून ऐकलेल्या या गोष्टींतूनच लक्ष्मी राजकारणात ओढल्या गेल्या. रासबिहारी बोस यांच्या नेतृत्वाखालील हिंदी स्वातंत्र्य संघाचे काम त्या करू लागल्या.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे आमच्यासारख्या शिक्षकास शोभणार नाही. ज्या जपानी सैन्याने घायाळ केलेल्या चिनी माणसांच्या जखमा आपल्या चोळकरांनी आणि कोटणीसांनी बांधल्या, त्याच जपानी सैन्याशी हातमिळवणी करून आझाद हिंद फौज उभी राहिली. दोन्हींमागे सुभाषबाबूच होते. हा विरोध खरा आहे. तो शब्दांनी पुसता येत नाही. आपला देश पारतंत्र्यात असताना शत्रूच्या शत्रूचे साहाय्य घ्यावे, असा सुभाषबाबूंचा हिशेब होता. तो बरोबर होता की चूक, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते राहतील. आम्हांस एवढेच दिसते की, डॉक्टरपुरता हा विरोध थोडा निवळतो. चीनमध्ये कोटणीसांनी आणि सिंगापुरात लक्ष्मी यांनी जे केले, ते रोग्याच्या बाजूने पाहिले असता एकच काम होते.

२ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबू सिंगापुरास पोहोचले. स्त्रियांचीही एक लढाऊ पलटण असावी, असा विचार त्यांनी बोलून दाखविला. त्याच महिन्यात स्त्रियांची मोठी सभा भरली. तीत लक्ष्मी यांनी कशाबशा जमविलेल्या मूठभर मुलींनी, जेमतेम शिकलेली कवायत करून, साड्या नेसूनच, खांद्यावर जड बंदुका घेऊन त्यांना मानवंदना दिली. त्यानंतर दीर्घ भेट झाली आणि पलटणीचे नेतृत्व लक्ष्मी यांच्याकडे आले. चालता दवाखाना सोडणे सोपे नसते. परंतु त्यांनी तो सोडला.

पलटणीला नाव दिले गेले 'झाशीची राणी पलटण', आणि तिच्या शुश्रूषा-विभागाला चांदबिबीचे नाव. मराठी मनाला येथे थबकल्यावाचून राहवत नाही. मोरोपंत तांबे यांची मनकर्णिका बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाने वाढली, झाशीची राणी झाली आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरीस रणांगणी पडली. चांदबिबीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेविरुद्ध लढविला. शतके उलटल्यावर, समुद्रापलीकडे मलायाच्या रबरी रानात, ज्यांनी महाराष्ट्र तर राहोच, पण हिंदुस्थानही कधी पाहिला नव्हता, अशा तमिळ मजुरांच्या पोरी ती नावे छातीवर मिरवीत चालल्या. राणी कोणत्या जातीची होती, हे त्यांनी विचारले नाही. तिची भाषाही त्यांना येत नव्हती. पराक्रमाचा वारसा रक्ताच्या नात्याने मिळतो, अशी आपली एक समजूत असते. तिच्यासाठी ही हकिकत मुद्दाम सांगितली.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचे हंगामी सरकार घोषित झाले. त्याच्या मंत्रिमंडळात लक्ष्मी या एकट्याच स्त्री होत्या. दुसऱ्याच दिवशी पलटणीच्या शिक्षण-छावणीचे उद्घाटन झाले. मुली पहाटे उठत, कवायत करीत, रायफल आणि संगीन चालविण्यास शिकत, पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती चालत. अनेकींनी लांब केस कापून टाकले. मळ्यावरच्या मजुराची मुलगी आणि बंगल्यातली मुलगी एकाच पंगतीस जेवत. क्वालालंपूरच्या सुखवस्तू घरातील जानकी थेवर ही त्यांतलीच एक. ती पुढे मलेशियाच्या सार्वजनिक जीवनात नावारूपास आली. अशा मुली शेकड्यांनी आल्या. छावणीत मुलींच्या आरोग्याकडे पाहण्याचे कामही डॉक्टर असलेल्या सेनानीस चुकत नव्हते.

१९४४ साली पलटणीचा एक भाग ब्रह्मदेशात गेला. इंफाळच्या बाजूने फौज पुढे सरकली आणि तेथेच तिचे दैव फिरले. पाऊस कोसळू लागला, रसद तुटली, विमानांचे छत्र उरले नाही. गोळीने मेले त्याहून अधिक लोक हिवतापाने, हगवणीने आणि भुकेने मेले असतील. माघारी येणारे घायाळ आणि रोगी मेम्योच्या रुग्णालयात आणले जात. लढावयास आलेल्या त्या मुलींच्या वाट्यास आली ती ही लढाई : पू भरलेल्या जखमा धुणे, चिखलाने माखलेली अंगे पुसणे, रात्रभर उशाशी बसणे. प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याची त्यांची हौस राहून गेली, म्हणून काही लोक त्या पलटणीस शोभेची पलटण म्हणतात. मेम्योच्या रुग्णालयात ज्याने एक रात्र काढली असेल, तो असे म्हणणार नाही, असे आम्हांस वाटते.

१९४५ च्या वसंतात रंगून पडले. मे महिन्यात लक्ष्मी इंग्रजांच्या हाती लागल्या आणि पुढे कित्येक महिने ब्रह्मदेशातच त्यांना अडकवून ठेवण्यात आले. इकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला. भुलाभाई देसाई यांनी बचावाचे भाषण केले, आणि साऱ्या देशात वणवा पेटला. जानेवारी १९४६ मध्ये त्या तिघांची सुटका झाली. मार्च १९४६ मध्ये लक्ष्मी यांना हिंदुस्थानात आणण्यात आले. स्टेशनास्टेशनांवर हारतुरे, सभा, मिरवणुका! वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या देशाच्या दैवत झाल्या होत्या.

आता आमच्या व्याख्यानाचा खरा भाग येतो. युद्धातले शौर्य सांगणारे पुष्कळ असतात; युद्धानंतरचे आयुष्य सांगणारे थोडे. एकदा दैवत झाल्यावर मनुष्याने काय करावे? हारतुऱ्यांवर उरलेले आयुष्य काढणारी माणसे आपण पाहिली आहेत. लक्ष्मी यांनी मार्च १९४७ मध्ये लाहोर येथे प्रेमकुमार सहगल यांच्याशी विवाह केला. मद्रासची मुलगी, पंजाबचा मुलगा; ओळख झाली ती फौजेत. प्रेमकुमारांना कानपूरच्या कापड-गिरणीत नोकरी मिळाली आणि जोडपे तेथे स्थायिक झाले. कानपूर म्हणजे गिरण्यांचे, धुराचे आणि दाटीवाटीचे गाव. त्या गावात लक्ष्मी यांनी पुन्हा दवाखाना थाटला.

तेवढ्यात फाळणी झाली. पश्चिमेकडून निर्वासितांचे लोंढे कानपुरास येऊ लागले. सर्वस्व गमावलेल्या स्त्रिया, वाटेतच बाळंत झालेल्या, काही तर सांगता न येणारे दुःख भोगून आलेल्या. लक्ष्मी यांनी त्यांची सेवा केली. आणि गावातील भेदरलेल्या मुसलमान स्त्रियांनाही त्यांच्याच दाराचा आधार वाटला. सिंगापुरातली परिस्थिती येथे वेगळ्या रूपाने पुन्हा उभी राहिली होती, आणि तिच्यासाठी लागणारी विद्या त्यांच्या हाती तयार होती.

पुढची वर्षे सांगण्यास फार वेळ लागत नाही, कारण ती एकसारखी आहेत. सकाळी दवाखाना, गिरणी-कामगारांच्या बायका, अल्प शुल्क आणि कित्येकदा तेही नाही. बाळंतपणे, पुन्हा बाळंतपणे. सुभाषिणी आणि अनीसा या दोन मुलींना वाढविणे. घर सांभाळून व्यवसाय होत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही वर्षे जरा लक्षपूर्वक पाहावीत. वर्तमानपत्रात नाव यावे असे त्यांत काही नाही. पण आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा कणा तोच होय.

मधूनमधून देशाने हाक मारली. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे थवे आले, तेव्हा लक्ष्मी बंगालच्या सीमेवर बनगाव येथे काही आठवडे जाऊन वैद्यकीय काम करू लागल्या. त्याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेल्या. त्यांचा पक्ष आपल्यातील पुष्कळांना मानवणार नाही; मानवावा असा आमचा आग्रहही नाही. १९८४ साली इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर शीख बांधवांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सत्तर वर्षांच्या या बाई रस्त्यावर उतरून जमावापुढे उभ्या राहिल्या आणि दवाखान्याजवळच्या वस्तीत शिखांना त्यांनी धक्का लागू दिला नाही. ज्या बाईंनी वस्तीतल्या घरोघरीची बाळंतपणे केली, त्या समोर उभ्या असता हात उगारणे सोपे नसते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूची दुर्घटना घडली, तेव्हा डॉक्टरांचे पथक घेऊन त्या तेथे गेल्या. गरोदर स्त्रियांवर त्या वायूचे झालेले दूरगामी परिणाम हा पुढेही त्यांच्या चिंतेचा विषय राहिला.

१९९८ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००२ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. कलाम राष्ट्रपतिभवनात गेले, लक्ष्मी कानपूरच्या दवाखान्यात परत गेल्या. वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीही त्या रोगी तपासत होत्या. २३ जुलै २०१२ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. देह त्यांनी कानपूरच्या गणेश शंकर विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयास दिला होता. म्हणजे मृत्यूनंतरही वैद्यकीच्याच कामी आला. आणि योगायोग पाहा : ज्या बिठूरला मनकर्णिका तांबे वाढली, ते बिठूर कानपूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. राणीच्या नावाची पलटण चालविणाऱ्या स्त्रीने आयुष्याची पासष्ट वर्षे राणीच्या माहेरच्या परिसरात घालविली.

भगिनींनो आणि बंधूंनो, चरित्र संपले. आता घरचे दोन शब्द.

महाराष्ट्राची पहिली डॉक्टर कन्या आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी अमेरिकेत पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे न होता, त्या पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत राहिली. काळाने त्यांना रोगी तपासू दिला नाही. त्यांच्या मागून डॉ. रखमाबाई आल्या, बालपणी झालेले लग्न नाकारून कोर्टकचेऱ्या सोसून लंडनला शिकल्या आणि सुरत-राजकोटकडे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा करीत राहिल्या. आपल्या नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी तरुणपणी आलेले वैधव्य कवटाळून न बसता १९२१ साली मातृसेवा संघ उभारला. त्या तर डॉक्टरही नव्हत्या, परिचारिका होत्या. हातातली विद्या वापरली म्हणजे केवढी वाढते, याची ही घरची उदाहरणे.

आणि आपण काय करतो? संघाच्या वधू-वर सूचीचे काम आम्ही काही वर्षे पाहिले. त्या काळात एका प्रतिष्ठित घरून आलेल्या पत्रकावर अपेक्षेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : मुलगी डॉक्टर असावी, नोकरी-व्यवसाय करणारी नसावी. आम्ही ते दोनदा वाचले. प्रथम वाटले, लिहिणाराची काही चूक झाली असावी. चौकशी केली तेव्हा कळले की चूक नव्हती. तीच त्यांची अपेक्षा होती. पुढे असे मत तोंडी बोलून दाखविणारे आणखीही भेटले. पाच-सहा वर्षे रात्रीचा दिवस करून मिळविलेली विद्या लग्नाच्या वेळी दागिन्याप्रमाणे मोजून घ्यावयाची, आणि मग दागिन्याप्रमाणेच कपाटात ठेवून कुलूप लावावयाचे! आनंदीबाईंना मृत्यूने थांबविले. आपल्या लेकींना थांबविणारे हात आपलेच असतात.

वैद्यकीय शिक्षणाची एकेक जागा समाजाच्या पैशाने चालते. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या मुलीमागे कर भरणाऱ्या शेतकऱ्याचा, हमालाचा, मोलकरणीचा पैसा असतो. मुलीने व्यवसाय सोडला की त्या मोलकरणीच्या बाळंतपणाला एक डॉक्टर कमी पडतो. हा घरगुती प्रश्न आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. उद्या संकट आले, पूर आला, साथ आली, तर कपाटातली पदवी काढून नाडी पाहता येत नाही. हाताला रोजचा सराव लागतो. २०२० च्या महामारीत आपण ते डोळ्यांनी पाहिले.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. संघाच्या परिचय-पत्रकात एक नवा रकाना असावा : 'विवाहानंतर मुलीचा व्यवसाय चालू ठेवण्यास वरपक्षाची संमती आहे किंवा नाही.' त्या रकान्यापुढे मुलाने आणि त्याच्या वडीलधाऱ्यांनी सही करावी. सही नसेल तर ते पत्रक सूचीत छापू नये. दुसरे, संघाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या प्रत्येक डॉक्टर मुलीने महिन्यातून एक दिवस एखाद्या गरीब वस्तीत रोगी तपासावेत, आणि त्या वस्तीतील रोग्यास जात विचारू नये. ज्ञातिसंस्थेने असे म्हणणे कोणाला विचित्र वाटेल. घरातला दिवा उंबरठ्यावर ठेवला तर अंगणही उजळते आणि घरही अंधारात राहत नाही, एवढेच आम्ही त्यांना सांगू.

मुलींनो, तुमच्यापैकी कोणी सेनानी होईल, कोणी होणार नाही; ते काळाच्या हाती आहे. परचक्र पुन्हा न येवो. परंतु ज्या दिवशी तुम्ही शपथ घेतली, त्या दिवसापासून दारी आलेला रोगी तुमचा झाला, मग बाहेर राज्य कोणाचेही असो. ही शाल अंगावर राहू द्या. मात्र उद्या सकाळी ती घडी घालून ठेवा आणि कामाला लागा.

कार्यकारी मंडळाने आमची सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद.